अस्मानी, सुलतानी आणि सरासरी : माइक डेव्हिस यांच्या दुष्काळविषयक ग्रंथाचे दख्खनच्या संदर्भात पुनर्वाचन

प्रास्ताविक

'अस्मानी सुलतानी' हा जोडशब्द आज मराठीत केवळ वाक्प्रचार म्हणून उरला आहे. संकटांचा भडिमार झाला की तो सहज वापरला जातो. मात्र जुन्या महसुली व्यवहारात तो एक व्यावहारिक संज्ञा होता. कौल, मक्ता, कमाविशीचे करार अशा कागदांत 'अस्मानी सुलतानी' झाल्यास ठरलेल्या वसुलीत सूट मिळावी अशी तरतूद केलेली आढळते. अस्मानी म्हणजे पाऊस, गारपीट, टोळधाड. सुलतानी म्हणजे लष्कराच्या येण्याजाण्याने झालेली पिकांची व गावाची नासधूस. दोन्ही संकटे शेतकऱ्याच्या हाताबाहेरची, म्हणून दोहोंचा भार एकट्या शेतकऱ्याने सोसू नये, असा त्या जोडणीमागील व्यवहार होता. अस्मानी कोठे संपते आणि सुलतानी कोठे सुरू होते, हा प्रश्न त्या कागदांना पडलेला नाही.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडला, आणि तो किती टोकाला गेला हे माइक डेव्हिस (१९४६–२०२२) यांच्या 'लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स' या ग्रंथाने जगासमोर मांडले. २००१ साली लंडनच्या व्हर्सो या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाचे उपशीर्षकच त्याचा सिद्धान्त सांगते : एल निनोचे दुष्काळ आणि तिसऱ्या जगाची घडण. दुष्काळाच्या इतिहासलेखनात या ग्रंथाचे स्थान आता निर्विवाद आहे. त्यातील निष्कर्ष मात्र तसे नाहीत. प्रस्तुत लेखात या ग्रंथाची चिकित्सा १८७६–७८ च्या दख्खनमधील दुष्काळाच्या आधारे केली आहे. ग्रंथातील सर्वांत प्रभावी प्रकरणे ज्या भूमीविषयी आहेत, तिच्याच कसोटीवर तो तपासणे न्याय्य ठरेल.

ग्रंथाची मांडणी

ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिला १८७६–७८ च्या महादुष्काळाचा, दुसरा १८८८ ते १९०२ या काळातील दुष्काळांचा, तिसरा मोसमी वाऱ्यांच्या व एल निनोच्या विज्ञानाचा आणि चौथा भारत, चीन व ब्राझील येथील राजकीय-आर्थिक पार्श्वभूमीचा. या तीन कालखंडांतील मृत्यूंची संख्या डेव्हिस ३ कोटी १७ लाख ते ६ कोटी १३ लाख इतकी धरतात. एकट्या १८७६–७९ च्या भारतासाठी त्यांनी दिलेले अंदाज ६१ लाखांपासून १ कोटी ३ लाखांपर्यंत पसरलेले आहेत. अंदाजांतील हे अंतर ते लपवत नाहीत, ही त्यांच्या पद्धतीतील प्रामाणिक बाजू होय.

त्यांचे मूळ प्रतिपादन थोडक्यात असे : पाऊस पडला नाही हे खरे, परंतु माणसे पाऊस न पडल्यामुळे मेली नाहीत. ज्या काळात जगाची बाजारपेठ एक होत होती, रेल्वे आणि तारायंत्र खेड्यांच्या जवळ येत होते, त्याच काळात ती त्या व्यवस्थेच्या आत राहून मेली. याच्या तुलनेसाठी ते १७४३–४४ मधील उत्तर चीनच्या झिली प्रांतातील दुष्काळ समोर ठेवतात. तेथे छिंग राजवटीने धान्यकोठारांच्या बळावर सुमारे २० लाख शेतकऱ्यांना आठ महिने जगवले. अवर्षण तीव्र होते. महामृत्यू झाला नाही. ग्रंथातील हा युक्तिवाद आजही अभेद्य वाटतो. त्याला महाराष्ट्रातूनच एक पुस्ती जोडता येते. १९७२ हे एल निनोचे वर्ष होते. त्या वर्षी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पिके बुडाली, जनावरे गेली. पण मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती आणि सामूहिक भूकबळी टळले. मिलो आणि सुकडी खाऊन काढलेले ते दिवस अपमानाचे होते, परंतु ते काढता आले. त्याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला.

अस्मानीची कालगणना

डेव्हिस यांच्या ग्रंथाचा दुबळा धागा सुलतानीच्या बाजूला नसून अस्मानीच्या बाजूला आहे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. हवामानाला इतिहासात पुन्हा स्थान देणारा लेखक म्हणून त्यांची ख्याती आहे, आणि तिसऱ्या भागातील विज्ञानाच्या इतिहासाचे त्यांचे कथन आजही वाचनीय आहे. १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खाते, हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ व मोसमी पाऊस यांच्यात जोडलेला संबंध, गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवलेले दक्षिण गोलार्धातील वायुदाबाचे आंदोलन, या साऱ्याचा मागोवा त्यांनी जिव्हाळ्याने घेतला आहे. मात्र या भागातून हाती येणारे 'एल निनो' हे उत्तर पहिल्या भागातील घटनांवर जसेच्या तसे बसवले जाते, तेव्हा अडचण निर्माण होते.

दख्खनमधील पावसाचा क्रम पाहावा. येथे घात झाला तो १८७६ साली. पावसाळ्याचे आरंभीचे दिवस जेमतेम गेले आणि सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये पावसाने पाठ फिरवली. सोलापूर, अहमदनगर, पुण्याचा पूर्व भाग, कलादगी या पट्ट्यात शेतकऱ्याचे सारे वर्ष उत्तरा–हस्ताच्या पावसावर तोललेले असते. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते. खरीप करपले होतेच, रब्बी पेरताच आली नाही. वर्ष संपण्यापूर्वीच सरकारी कामांवर गर्दी लोटली होती. पॅसिफिक महासागरातील विक्रमी एल निनो मात्र १८७७–७८ चा आहे. भारताच्या १८७१ पासूनच्या पर्जन्यमालिकेत सर्वांत कमी मोसमी पाऊस १८७७ साली नोंदला गेला आणि त्या वर्षाचा तडाखा उत्तर भारतालाही बसला. म्हणजे दख्खनचा दुष्काळ सुरू झाला तेव्हा ज्याला त्याचे कारण म्हटले जाते ते कारण अद्याप पूर्णरूपाने अवतरलेच नव्हते.

दीप्ती सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ क्लायमेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे चित्र अधिक स्पष्ट केले आहे. त्यांच्या मते १८७६–७८ ची आपत्ती अनेक घटकांच्या असाधारण संयोगातून घडली : १८७० ते १८७६ या काळात थंड राहिलेला उष्ण कटिबंधीय पॅसिफिक, त्यानंतर १८७७–७८ चा विक्रमी एल निनो, १८७७ मधील हिंदी महासागरातील तीव्र द्विध्रुवीय स्थिती आणि १८७८ मधील उत्तर अटलांटिकचे विक्रमी तापमान. २००१ मध्ये हे ज्ञान डेव्हिस यांना उपलब्ध नव्हते, त्यामुळे त्याचा दोष त्यांच्यावर ठेवता येत नाही. परंतु १८७६ च्या हस्तात पाऊस पडला नाही, ही गोष्ट त्यांच्या वाचनातील शासकीय कागदांतही होती. ती त्यांना खटकायला हवी होती.

याला केवळ तपशिलाची चूक म्हणून सोडून देता येत नाही. डेव्हिस यांनीच सूर्यावरील डागांच्या सिद्धान्ताची यथेच्छ खिल्ली उडवली आहे. १८७७ साली नॉर्मन लॉकियर आणि डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी सूर्यावरील डाग व भारतातील दुष्काळ यांचा संबंध जोडणारा लेख प्रसिद्ध केला. दुष्काळ सूर्यावर ठरत असेल तर कलकत्त्याला जाब विचारण्याचे कारण उरत नाही, ही त्या सिद्धान्ताची राजकीय सोय डेव्हिस अचूक हेरतात. पण एकाच दूरस्थ कारणाने सर्व खंडांतील सर्व अवर्षणे उलगडण्याचा मोह त्यांनाही आवरत नाही. सूर्याची जागा समुद्राने घेतली, एवढाच फरक. त्यांचा हेतू सत्ताधाऱ्यांना मोकळे सोडण्याचा नाही, तो नेमका उलट आहे. पण ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून निघून शालेय पुस्तकांपर्यंत जे पोहोचते ते 'एल निनोचे दुष्काळ' हे विशेषण असते, चौथ्या भागातील विश्लेषण नव्हे.

टेम्पल यांचा शेर आणि तुलनेचा मोह

सुलतानीच्या चित्रणात डेव्हिस यांची लेखणी सर्वांत धारदार होते. १ जानेवारी १८७७ चा दिल्ली दरबार आणि त्याच आठवड्यातील मद्रास–म्हैसूरमधील मृत्यू यांची त्यांनी घातलेली सांगड वाचकाच्या मनातून जात नाही. सर रिचर्ड टेम्पल यांचे व्यक्तिचित्र तर एखाद्या शोकांतिकेतील पात्रासारखे उतरले आहे. १८७३–७४ मध्ये बिहारमध्ये टंचाई पडली तेव्हा याच टेम्पल यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणून लोकांना वाचवले आणि उधळपट्टीबद्दल लंडनची बोलणी खाल्ली. तीन वर्षांनी तेच टेम्पल लॉर्ड लिटन यांचे प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत उतरले, ते काटकसरीचा वसा घेऊन. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, हे 'टेम्पल वेतन' त्याच वेळी ठरले. मद्रासचे आरोग्य अधिकारी विल्यम कॉर्निश यांनी या मापावर माणूस श्रम करून जगणार नाही, असे बजावले होते. एप्रिल १८७७ च्या अखेरीस टेम्पल मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

शासनाला माहिती नव्हती, क्षमता नव्हती, अशी भूमिका तीर्थंकर रॉय यांच्यासारखे आर्थिक इतिहासकार मांडतात. विसाव्या शतकात दुष्काळी मृत्यू घटले ते ज्ञान व दळणवळण वाढल्यामुळे, असे त्यांचे म्हणणे आहे. मिशेल मॅकॅल्पिन यांनीही १९८३ च्या आपल्या ग्रंथात पश्चिम भारतात रेल्वेमुळे दुष्काळाची धार बोथट झाल्याचे प्रतिपादले होते. या आक्षेपांत तथ्यांश आहे. दख्खनमध्ये कडबाच नव्हता. बैल मेले की गाडी थांबते आणि स्टेशनावर आलेले धान्य दहा कोसांवरच्या गावाला पोहोचत नाही, हे साधे गणित डेव्हिस पुरेसे विचारात घेत नाहीत. तथापि बिहारचे उदाहरण रॉय यांच्या भूमिकेला मोठेच छेद देते. क्षमता १८७४ मध्ये होती. ती पुढल्या तीन वर्षांत नाहीशी झाली नव्हती, वापरायची नाही असे ठरले होते. शिवाय १८७७–७८ मध्येच भारतातून ६४ लाख हंड्रेडवेट इतक्या विक्रमी गव्हाची युरोपला निर्यात झाली, हा डेव्हिस यांनी दिलेला आकडा माहितीच्या अभावाने स्पष्ट होत नाही.

त्यांच्या प्रतिपादनाला खरा धक्का बसतो तो त्यांच्याच एका अलंकाराने. टेम्पल वेतनाचे १,६२७ उष्मांक आणि नाझींच्या बुशेनवाल्ड छावणीतील शिध्याचे १,७५० उष्मांक त्यांनी एका तक्त्यात शेजारी ठेवले आहेत. तक्ता परिणामकारक आहे यात शंका नाही. पण त्यातून ग्रंथनामातील 'होलोकॉस्ट' या शब्दाला आधार मिळतो, तो आकड्यांतील साम्यापुरताच. एका व्यवस्थेला माणसे मारायची होती. दुसरीला ती मेली तरी हिशेब बिघडू द्यायचा नव्हता. दुसरी कमी भयंकर असे मुळीच नाही, पण ती वेगळी आहे आणि वेगळ्या तऱ्हेने अभ्यासावी लागते. तिचा अभ्यास हिशेबाच्या वह्यांत करावा लागतो.

सरासरीचे राज्य

ती वही म्हणजे जमाबंदीची. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेली रयतवारी पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यात प्रमाणभूत ठरली. तिचे तत्त्व असे की शेतसारा तीस वर्षांसाठी ठरावा. तो चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी धरून इतका मर्यादित असावा की दरसाल पीक पाहून सूट देण्याची गरजच पडू नये. सुटीच्या जुन्या पद्धतीत लाचलुचपत आणि वशिला चाले, ही सुधारकांची तक्रार रास्त होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मक्तेदारांची वसुली आठवली तर जुन्या व्यवस्थेविषयी हळवे होण्याचे काही कारण नाही. तरीही या सुधारणेने नेमके काय केले हे पाहणे आवश्यक आहे. 'अस्मानी सुलतानी'चे कलम तिने व्यवहारातून काढून टाकले. पावसाची जोखीम यापूर्वी, निदान कागदावर, राज्य आणि रयत यांच्यात वाटलेली होती. आता ती सर्वस्वी रयतेकडे गेली, आणि राज्याकडे उरली सरासरी.

सरासरी ही कल्पना सौम्य हवामानाच्या प्रदेशात चालून जाते. दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात सरासरी पाऊस असा कोणत्याही एका वर्षी पडत नाही. पाच वर्षांतील दोन बरी, दोन ओढगस्तीची आणि एक बुडालेले, त्यांची ती बेरीज असते. वाईट वर्षाचा रोख सारा भरण्यासाठी शेतकऱ्याला चांगल्या वर्षाची शिल्लक लागते. ती नसेल तर सावकार लागतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला भाव आला, त्या तेजीच्या छायेत पुढे शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली, भाव कोसळले आणि वाढलेला सारा तेवढा राहिला. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांच्या घरांतील कर्जरोखे जाळले गेले. पावसाने दगा दिला त्याच्या सव्वा वर्ष आधीची ही घटना आहे. १८७६ साली आभाळ कोरडे राहिले तेव्हा राखीव असे काहीच नव्हते : घरात नव्हते, पेवात नव्हते आणि जमाबंदीच्या नियमातही नव्हते.

डेव्हिस यांच्या चौथ्या भागात रोख सारा, कर्ज आणि नगदी पिके यांचे विवेचन आहे, पहिल्या भागात लिटन आणि टेम्पल आहेत. या दोहोंना जोडणारा पूल ग्रंथात बांधला गेलेला नाही. त्यामुळे एका भागात व्यक्ती दोषी दिसतात, दुसऱ्यात रचना; आणि वाचक आपल्या कलानुसार एक निवडतो. जमाबंदीतील सरासरीचे तत्त्व हा तो पूल होऊ शकला असता. लिटन यांनी बाजारभावात हस्तक्षेप नाकारला आणि टेम्पल यांनी शिधा कापला, त्यामागे असाधारण वर्षाला असाधारण मानायचेच नाही, ही वृत्ती आहे. ती त्यांच्या स्वभावात असेलही. पण महसूल खात्यात ती चाळीस वर्षे आधीच रुजलेली होती.

याची साक्ष पुढील इतिहास देतो. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि त्यांत सारा तहकूब करण्याची व सूट देण्याची तरतूद परत आली. १८९६ मध्ये पुन्हा पीक बुडाले तेव्हा टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या प्रचारकांमार्फत शेतकऱ्यांना हेच समजावले की सूट ही मेहेरबानी नसून सरकारच्याच संहितेने मान्य केलेली बाब आहे. साठ वर्षांपूर्वी वहीतून खोडलेले कलम लोक आता कायद्याच्या भाषेत मागत होते. मार्च १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.

साधनांची भाषा

डेव्हिस यांच्या भारतविषयक साधनांची भाषा जवळजवळ सर्वस्वी इंग्रजी आहे : शासकीय अहवाल, लंडन व मद्रासची वृत्तपत्रे, विल्यम डिग्बी यांचा १८७८ चा द्विखंडात्मक वृत्तान्त, मिशनऱ्यांच्या नोंदी. जागतिक व्याप्तीच्या ग्रंथाला हे अपरिहार्य आहे, आणि या साधनांतून त्यांनी काढलेले सत्य थोडे नाही. १८७७ च्या आरंभी वेतनकपात, वाढवलेले काम आणि गावापासून दूरच्या छावणीत राहण्याची सक्ती यांविरुद्ध मुंबई इलाख्यातील हजारो मजूर दुष्काळी कामांवरून उठून गेले, त्याची योग्य दखल ग्रंथाने घेतली आहे. उपासमारीच्या तोंडावर असलेली माणसे काम नाकारतात, हे टेम्पल वेतनावरचे सर्वांत कठोर भाष्य होय. बुशेनवाल्डच्या तक्त्याची त्याच्यापुढे गरज भासत नाही. गणेश वासुदेव जोशी आणि सार्वजनिक सभेने या मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली.

तरीही या साधनांत दुष्काळग्रस्त माणूस बहुधा दुरून दिसतो : रस्त्याच्या कडेला, छावणीच्या दारात, छायाचित्रात. त्याच्याकडे चालत गेलेल्यांचे लेखन मराठीत आहे. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडी येथे दुष्काळातील मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र तर या काळाच्या कोणत्याही इतिहासकाराने टाळू नये असे आहे. साल सरले तरी दुष्काळ सरला नाही, ही त्यातील पहिली नोंद आहे, आणि ती १८७६ च्या गेलेल्या पावसाची आहे. गावे सोडून निघालेली कुटुंबे, पडणारी जनावरे, पाला खाऊन तगणारी माणसे, संधी साधणारे सावकार, त्यांतून झालेली दंगल आणि कार्यकर्त्यांची धरपकड हे सारे त्यात येते. सावित्रीबाई कलेक्टरला जाऊन भेटल्या. कार्यकर्ते सुटले, आणि त्यांच्या कामासाठी ज्वारीच्या चार बैलगाड्या मिळाल्या. त्या उन्हाळ्यात जुन्नरच्या बाजूला गाडीला जुंपता येतील असे बैल आणि वाटता येईल अशी ज्वारी कोणाकडे उरली होती, हे त्या पत्रातून कळते.